वालूरची धूळ आणि वच्छलाबाईंचा सडा

आश्रुबाची दैवशाला धुळीवर डॉक्टरी करायला पुण्याला गेली, हे कळल्यावर वालूर गावानं आधी पोटभर हसून घेतलं. पारावर चर्चा झाली. "धूळ बघायला पुण्याला कशाला जावं लागतंय? त्यांलाच इकडं या म्हणावं, पोत्यानं भरून देऊ." दैवशालेच्या कानावर हे आलं तेव्हा तीही हसली, कारण गाव म्हणत होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. तिला धूळच हवी होती, आणि तीही वालूरचीच.

हे वेड तिला लागलं ते औरंगाबादला. परभणीत बी.एस्सी. करून ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला तिकडं गेली होती. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, विरोधातही निघत होते, आणि मधल्या मधे परीक्षेची तारीख सारखी पुढं सरकत होती. वसतिगृहातल्या मुली गावी निघून गेल्या. दैवशाला मागं राहिली आणि वेळ घालवायला ग्रंथालयातलं एक जाडजूड पुस्तक घेऊन बसली. हवेत काय काय असतं, याचं ते पुस्तक. समुद्रावरचं मीठ, चुलीची काजळी, ज्वालामुखीतलं गंधक, वाळवंटातली माती, सगळं डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपानं हवेत तरंगतं, हजारो कोस जातं, उन्हाला अडवतं, ढगाला धरून ठेवतं. आजवर ती ज्याला मोकळं आभाळ म्हणत आली, ते म्हणजे भरलेला बाजार निघाला. जेवायची घंटा झाली तरी तिला उठवेना. परीक्षा आणखी पुढं जावी असं वाटणारी त्या वर्षीची ती एकटीच विद्यार्थिनी असेल.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली. तिचे मार्गदर्शक पंडित सर, बोलायला तुटक आणि मनानं सरळ माणूस. काम असं होतं की सगळी पृथ्वी संगणकात घालायची. तिच्या चौकोनी चौकटी पाडायच्या, एकेक चौकट चार-पाच जिल्हे मावतील एवढी. मग कुठल्या चौकटीत किती धूळ उठली, वाऱ्यानं ती शेजारच्या चौकटीत कशी लोटली, पावसानं किती खाली आणली, हे गणितानं मांडायचं. चौकट चुकली की शेजारणही चुकते, असा तो मामला. परभणी, बीड, नांदेड आणि आसपासचा भाग मिळून एक चौकट होती आणि दैवशाला तिला मनातल्या मनात 'आमची' म्हणायची.

परदेशी नकाशांत आपल्याकडच्या धुळीचा मान एकट्या राजस्थानच्या वाळवंटाला होता. दैवशालेला ते पटेना. चैत्र-वैशाखात नांगरून उघडं पडलेलं काळं रान तिनं पाहिलं होतं. वावटळ उठली की समोरचा बैल दिसत नाही, भाकरीत कचकच लागते, आणि हे लोक म्हणतात धूळ नाही? तिनं गणितात काळ्या मातीची धूळ घातली आणि आकडा असा फुगला की पंडित सरांनी चष्मा काढून पुसला.

"मोजून दाखवा," सर म्हणाले.

एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिनं वालूरला यंत्र नेलं. तसं ते साधंच होतं. एक पंप हवा ओढतो, हवा पांढऱ्या गाळणकागदातून जाते, धूळ कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा, फरक तो धुळीचा. घराच्या छतावर ठेवायचं म्हटलं तर घर धाब्याचं. पंपाच्या थरथरीनं डोक्यावर माती पडेल म्हणून आश्रुबा नको म्हणाले. शेवटी पुढच्या अंगणात लाकडी घडवंचीवर यंत्र बसलं. कागद बदलून पाकिटात घालून पुण्याला पाठवायचं काम आश्रुबांनी घेतलं. आणि जाताना दैवशाला आईला म्हणाली, "आई, याला जप. घाण बसू देऊ नको." तिला कोंबड्यांची घाण म्हणायची होती.

उन्हाळा आला, कागद आले आणि दैवशालेचं तोंड उतरलं. कागदांवरून निघालेला आकडा तिच्या गणिताच्या निम्माही नव्हता. तिनं गणित पुन्हा तपासलं, वजनकाटा तपासला, वाऱ्याची माहिती तपासली. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

"मोजलेलं खरं, मांडलेलं खोटं," पंडित सर म्हणाले. "तुमची काळी माती निम्म्यावर आणा. तसा शोधनिबंध पाठवून देऊ."

निम्म्यावर आणणं म्हणजे सगळंच सोडणं होतं. मग राजस्थान तेवढं खरं आणि उघडं रान म्हणजे गावाकडच्या पोरीचा हट्ट, असंच ठरणार होतं. तिच्या प्रबंधाचा कणाच तो होता. दैवशाला म्हणाली, "सर, ती धूळ मी खाल्लीय. मला एकदा जाऊन बघू द्या." सरांनी जूनपर्यंत मुदत दिली आणि वर एक वाक्य बोलले, "खाल्लेलं मोजमापात धरत नाहीत."

परभणीपर्यंत एक एसटी, सेलूपर्यंत दुसरी, वालूरपर्यंत तिसरी. फाटक उघडून ती आत आली आणि जागच्या जागी थांबली. भर वैशाखात सगळ्या गावावर धूळ उडत होती आणि आश्रुबांचं अंगण मात्र शेणसड्यानं गार, ओलं, हिरवट, रांगोळीनं नटलेलं. यंत्राच्या तिन्ही बाजूंनी ओली गोणपाटं टांगलेली. वच्छलाबाई तांब्यानं गोणपाटावर पाणी मारत होत्या.

"हे काय करायलीस, आई?"

"तूच म्हणलीस की जप. सकाळ-संध्याकाळ सडा टाकायले, गल्लीत बी टाकायले. पुण्याची चीज हाय, धूळ बसली तर लोकं काय म्हणतील? कागद बघ, कसा निर्मळ निघायलाय."

दैवशाला मटकन ओट्यावर बसली. धूळ मोजायचं यंत्र, आणि त्याला धूळ लागू नये म्हणून आईनं जिवाचं रान केलेलं. आधी तिला रडू आलं आणि ते येता येता त्याचं हसू झालं. मग ती हसतच सुटली, कारण आकडा का पडला ते कळलं होतं. गणित कदाचित, कदाचितच, बरोबर होतं.

तिनं आईला समजावून सांगितलं. वच्छलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे मी नासवलं म्हण की."

"न्हाई आई, मीच नीट सांगितलं न्हाई. आता फक्त सडा टाकू नको."

"आज?"

"म्हैनाभर. न्हाई पुढं, न्हाई गल्लीत. झाडायचं बी न्हाई."

वच्छलाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "दैवशाले, घरात कुनी मेलंय का?"

प्रश्न वाकडा नव्हता. या भागात ज्या दारापुढं सडा नाही, त्या घरात सुतक आहे असं जाणारा-येणारा धरून चालतो. वच्छलाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्यांचा सडा चुकला होता तो फक्त सासू गेली तेव्हा. आता नवरा धडधाकट, कपाळावर कुंकू, आणि दारात मात्र कोरडी धूळ. लेक मागत होती ते साधं मागणं नव्हतं, हे दैवशालेला कळत होतं, आणि तरी ती मागत होती.

मग आश्रुबा म्हणाले, "न्हाई टाकला तर न्हाई टाकला. मी जिता हाय, एवढंच गावाला दाखवायचं ना? मी बसतो की समोर."

आणि ते खरंच बसले. रोज सकाळी धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात चहाची बशी घेऊन आश्रुबा ओट्यावर गावाला दिसतील असे बसू लागले. दैवशालेनं रजा टाकली आणि कागद स्वतः बदलू लागली. पहिला कागद काढला तेव्हा तिला ओरडावंसं वाटलं. काल-परवापर्यंत दुधाच्या सायीसारखा निघणारा कागद तपकिरी काळा झाला होता. "आबा, बघा, बघा," म्हणत तिनं तो बापाच्या नाकापाशी नेला. आश्रुबांनी हुंगून पाहिला आणि म्हणाले, "आपल्याच रानाची हाय." दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठून यंत्राभोवती घिरट्या घालत होती.

वच्छलाबाईंना मात्र घर खायला उठलं. सकाळी हात आपोआप शेणाच्या पाटीकडं जायचा आणि परत यायचा. शेजारणी वाकून बघायच्या. विहिरीवर कुजबुज व्हायची. वच्छलाबाई मुकाट्यानं आत जाऊन चूल पुन्हा पुन्हा सारवायच्या.

कुजबुज एसटीनं बोरीपर्यंत गेली. वच्छलाबाईंची थोरली बहीण सगुणाबाई बोरीला दिली होती. एक दिवस ती गल्लीच्या तोंडालाच उतरली, दुरून कोरडं अंगण आणि त्यावर साठलेला पाचोळा पाहिला आणि तिथूनच तिनं हंबरडा फोडला. पदर तोंडाला लावून, आश्रुबाचे गुण एकेक करून गात ती फाटकापर्यंत आली. समोर आश्रुबा बशीतला चहा फुंकत होते.

"या आक्का," ते म्हणाले. "चांगलं सांगायलात, थांबलात कामून?"

"पाव्हणं, तुमी जिते हायत व्हय?"

"हाय तर. धूळ मोजायलोत आमी."

सगुणाबाईंना आधी राग आला, मग हसू. मग त्यांची नजर बहिणीकडं गेली. वच्छलाबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. इतक्या दिवसांचं साचलेलं तेव्हा बाहेर पडलं. दैवशालेला आपण फार मागितलं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. महिना तरीही पुरा झाला.

पुण्याला परतल्यावर तिनं कागद तोलले. काट्यासमोर बसून ती आकडे लिहीत गेली, बेरीज केली, भागाकार केला, आणि खुर्ची मागं ढकलून उठली. तिचा गणिताचा आकडा आणि वालूरचा आकडा जवळजवळ एकच. वालूरचा थोडा जास्तच. ती धावत पंडित सरांच्या खोलीत गेली. सरांनी कागद पाहिले, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा कागद पाहिले.

"काळी माती राहू द्या," ते म्हणाले. "पूर्ण राहू द्या."

दैवशालेचे पाय जमिनीवर ठरेनात. जगाच्या नकाशावर आता वालूरचं रान होतं. पण सर पुढं म्हणाले, "एका महिन्याला कोण विचारतंय? वर्ष पाहिजे. पावसाळा, हिवाळा, सगळं सलग, एकाच पद्धतीनं. मध्ये काही बदललं की लोक बोट ठेवतील. मग जगापुढं मांडू."

वर्ष म्हणजे भाद्रपद आला. भाद्रपदात महालक्ष्म्या. फाटकापासून सडा, सड्यावर हळदीकुंकवाची पावलं, त्या पावलांवरून ज्येष्ठा-कनिष्ठा घरात आणायच्या. आईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, याचा विचार करत ती आषाढात गावी गेली.

अंगण तसंच होतं. महिना कधीच संपला होता, पण सडा नव्हता.

"पुरे म्हणली न्हाईस ना तू," वच्छलाबाई म्हणाल्या. "मग कसा टाकू?"

दैवशालेनं आधी आकडा जुळल्याचं सांगितलं. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग तिनं अडखळत वर्षाचं सांगितलं आणि महालक्ष्म्यांचं नाव काढून थांबली. वच्छलाबाई अंगणाकडं बघत राहिल्या. मग उठून घरातून मागच्या दारी गेल्या.

"हिकडं सडा टाकला तर चालंल का गं?"

दैवशालेनं वारा आठवला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, यंत्र पश्चिमेला, मागचं दार पूर्वेला. तिकडची हवा यंत्राकडं येत नव्हती. "चालंल," ती म्हणाली. "पण आई, महालक्ष्म्या मागच्या दारानं?"

"मी सांगते त्यांला, यंदा हिकडून या, लेकीचं काम चालू हाय." वच्छलाबाईंनी मागच्या दाराची फळी बाजूला सारली. "ऐकतेल. त्या बी लेकीच हायत, म्हायेराला यायल्यात."