सरळ चिकटवलेली तिकिटं

टिल्डन क्रीकहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र हजार मैलांच्या अलीकडे काही भेटायचा नाही. गावात पाणी म्हणाल तर एक ओढा, आणि ऑगस्टात तोही बदकाच्या पोटाला लागेल न लागेल एवढाच. नेब्रास्कातल्या या गावात आर्डिथ नायक्विस्टकडे मात्र दोनशे बारा लढाऊ जहाजांचे टपालशिक्के होते, आणि तिने आयुष्यात होडीसुद्धा पाहिली नव्हती.

आर्डिथ अंड्यांच्या वखारीत कामाला होती. शेतावरून आलेलं प्रत्येक अंडं दिव्याच्या डब्याला पाडलेल्या भोकासमोर धरायचं, आत रक्ताचा ठिपका आहे का बघायचं, आणि चांगलं इकडे, वाईट तिकडे. सोळा वर्षं तिने हेच केलं. ती अडतीस वर्षांची झाली होती. आईचं आजारपण काढता काढता लग्नाचं वय निघून गेलं असं गाव म्हणायचं.

शिक्क्यांचा नाद तिला वर्तमानपत्रातल्या एका कोपऱ्यामुळे लागला. पद्धत साधी असते. एका पाकिटात दुसरं पाकीट घालायचं. आतल्यावर आपलाच पत्ता, आपलंच तिकीट, आणि दुमडू नये म्हणून आत एक कोरं जाड कार्ड. ते जहाजावरच्या टपाल-कारकुनाला पाठवायचं आणि सोबत चिठ्ठी लिहायची, की कृपया शिक्का हलक्या हाताने मारावा. आतल्या पाकिटाचं तोंड मोकळं ठेवायचं. शिक्का मारून झाला की कारकून ते चिकटवतो आणि परत धाडतो. आलेलं पाकीट मात्र कधी उघडायचं नाही. उघडलं की ते पाकीट गेलंच म्हणून समजा. आणि उघडून करायचं काय? आत आपणच घातलेलं कोरं कार्ड!

शिक्के जमवणाऱ्यांची खरी मजा शिक्क्याच्या उजव्या अंगाला असते. तिथे आडव्या पट्ट्या असतात, आणि त्यांच्यामध्ये कारकून रबरी अक्षरं बसवून त्या दिवशीच्या बंदराचं नाव घालतो. एखादा रसिक कारकून आणखीही काही घालतो. ‘टर्नबो’ नावाच्या जुन्या विनाशिकेवरचा डिलार्ड को हा तसलाच होता. आर्डिथ चिठ्ठीत सहज एखादी ओळ लिहायची, ‘काल इथे गारा पडल्या, कोंबड्या बावरल्या.’ महिन्याने शिक्का यायचा आणि पट्ट्यांमध्ये लिहिलेलं असायचं, ‘कोंबड्या / बऱ्या / आहेत का’. पोस्टमास्तर स्वोबोदा ते मोठ्याने वाचून दाखवायचे.

“मिस नायक्विस्ट, सरकारी शिक्क्यावर तुमच्या कोंबड्यांची चौकशी आलीय. वॉशिंग्टनला कळवू का?”

“कळवा. आणि दोन मेल्या म्हणून तेही कळवा.”

अशी चार वर्षं गेली. आर्डिथच्या चिठ्ठ्या एका ओळीच्या होत्या, त्या पानभर झाल्या. मग त्या हिवाळ्यात काय झालं कुणास ठाऊक, पट्ट्यांमध्ये नुसतं ‘सॅन डिएगो’ यायला लागलं. शिक्का पूर्वीसारखाच नेटका, पण शब्द एक नाही. एक पाकीट झालं, तीन झाली, सहा झाली.

वखारीत तिच्या शेजारी व्हर्ना बसायची, तोंडाने जरा फटकळ.

“अगं, लिहिलंस तरी काय त्याला?”

“काही नाही गं. आईचं थडगं बांधून झालं म्हणून लिहिलं होतं.”

“मग बरोबर आहे. थडग्यांवर कोण विनोद करणार!”

आर्डिथ हसली, पण त्या दिवशी तिने दोन चांगली अंडी वाइटात टाकली. आपण नको इतकी जवळीक दाखवली, माणूस कंटाळला, असं तिने मनाशी धरलं होतं. मग तिने चिठ्ठ्या पुन्हा एका ओळीच्या केल्या. तिकिटं मात्र आणखी काळजीने चिकटवायला लागली, पट्टी धरून, कडेला कड समांतर ठेवून. निदान कामात तरी आपली चूक निघू नये.

ऑगस्टाच्या शेवटी काउंटीची जत्रा भरली. भोपळे, मुरंबे आणि गोधड्यांच्या दालनात आर्डिथनेही फळ्यावर पाकिटं मांडली. मधोमध आदल्या ऑक्टोबरातल्या आरमार दिनाचं ‘टर्नबो’चं पाकीट होतं. पहिल्या बक्षिसाची निळी फीत त्यालाच मिळाली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती ते दाखवायला वखारीत घेऊन आली.

“फीत मिळाली म्हणजे पहिल्या प्रतीचं,” व्हर्ना म्हणाली. “आण इकडे, तपासल्याशिवाय आम्ही प्रत देत नाही.” आणि तिने पाकीट सरळ दिव्याच्या भोकासमोर धरलं.

“अगं, तापेल ते! आण!”

“थांब ना. रक्ताचा ठिपका नाही,” व्हर्ना म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “आर्डिथ, यात कोरं कार्ड नाहीये. कागद आहे. लिहिलेला.”

आर्डिथने पाकीट हातात घेतलं. सोळा वर्षं ती त्या भोकासमोर अंडी धरत आली होती, पाकीट कधी धरलं नव्हतं. घडीमुळे ओळींवर ओळी चढल्या होत्या. खालची सही तेवढी सुटी दिसत होती. डिलार्ड को.

“फोड,” व्हर्ना म्हणाली.

“निळी फीत आहे त्याला.”

“बाई गं, फितीशी लग्न करणार आहेस का?”

आर्डिथने केसातली पिन काढली आणि पाकिटाच्या तोंडाशी घातली. कागद फाटताना तिला अगदी स्वतःचा झगा फाटल्यासारखं वाटलं. पत्र छोटंच होतं.

‘मिस नायक्विस्ट, पुढच्या सप्टेंबरात हे जहाज मोडीत जाईल आणि माझी नोकरीही त्याच दिवशी संपेल. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे, दारू पीत नाही, अकॉर्डियन वाजवतो, पण बरं वाजवत नाही. मी तुम्हाला भेटायला आलो तर चालेल का? चालणार असेल तर पुढच्या पाकिटावर तिकीट उलटं लावा. सरळ आलं तर मी समजून जाईन, आणि पुन्हा विषय काढणार नाही.’

आर्डिथ खोक्यावर बसली. आणि तिला तिची तिकिटं आठवली. सहा पाकिटं, सहा तिकिटं, पट्टी धरून सरळ लावलेली.

“सहा वेळा नाही म्हटलं मी त्याला,” ती म्हणाली.



जहाज दहा सप्टेंबरला सेवेतून निघणार होतं. शेवटच्या दिवसाच्या शिक्क्यासाठी देशभरातून पाकिटं येणार हे या नादातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आर्डिथचंही एप्रनच्या खिशात तयारच होतं. ते सरळ तिकिटाचं पाकीट तिने तिथेच फाडलं. एप्रनवरच पोस्टात गेली, नवं पाकीट घेतलं, जुन्यातलं कोरं कार्ड त्यात घातलं आणि काउंटरवरच तिकीट लावलं.

स्वोबोदांनी चष्मा वर केला. “मिस नायक्विस्ट, बरं वाटत नाही का? तिकीट उलटं लागलंय.”

“उलटंच लावलंय.”

“तुम्ही? उलटं?”

“मिस्टर स्वोबोदा, चारची गाडी चुकली तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.”

सोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिलं, ‘पत्र आज वाचलं. माफ करा, आमच्यात पाकीट उघडत नाहीत.’ आणखी काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढंच.

स्वोबोदांनी ते पिशवीत टाकलं नाही. स्टेशनवर स्वतः चालत गेले आणि डब्यातल्या टपालवाल्याच्या हातात दिलं. पुढचे पंधरा दिवस आर्डिथ कुणाशी धड बोलली नाही. गाडीची शिटी वाजली की हातातलं अंडं तसंच राहायचं. त्याने चिठ्ठीच वाचली नसेल तर? ढिगाऱ्यात शेकडो पाकिटं असणार. त्याने दुसरीकडे कुठे घर केलं असेल तर?

सोळा तारखेला स्वोबोदा स्वतः वखारीच्या दारात उभे राहिले. टोपी काखेत, पाकीट दोन्ही हातांत, आणि चेहरा असा की सरकारी कामात घोटाळा सापडलाय.

“मिस नायक्विस्ट, मी अठ्ठावीस वर्षं पोस्टात आहे. आरमाराचं जहाज नेब्रास्कात आल्याचं मला कुणी कळवलं नाही.”

तिकीट उलटं होतं. त्यावर शिक्का नेहमीसारखाच हलक्या हाताचा, सुबक. तारीख दहा सप्टेंबर. आणि आडव्या पट्ट्यांमध्ये, जिथे बंदराचं नाव असतं तिथे, तीन ओळी होत्या.

‘टिल्डन / क्रीक / नेब्रास्का’.

आर्डिथने पाकीट दिव्यासमोर धरलं. आत कोरं कार्डच होतं, तिचंच. मग ती रडली, आणि व्हर्नाने तिच्या दुसऱ्या हातातलं अंडं काढून घेतलं.

डिलार्ड को ऑक्टोबरात आला, पाच वाजताच्या गाडीने, अकॉर्डियनच्या पेटीसकट. तो खरंच बरं वाजवत नसे. पुढे स्वोबोदांनी पेन्शन घेतल्यावर गावाचं पोस्ट तोच चालवायचा. त्या दोघांच्या घरात उलट्या तिकिटाचं ते सप्टेंबरातलं पाकीट अजूनही बंद आहे. आरमार दिनाचं मात्र फाटकं, पिनेने उघडलेलं, निळ्या फितीसकट चौकटीत लावलंय. पाहुणे विचारतात, की असलं फाटकं काय म्हणून लावलं? आर्डिथ म्हणते, “ते एकच मी वाचलंय.”