दीदीचा उजवा हात

त्या काळात कोणी विचारलं, की तू नेमकं करतेस तरी काय, तर मला उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा. मोबाइलचे गेम बनवते म्हटलं की लोकांना वाटायचं, ही दिवसभर खेळतच बसत असणार. बाबा असते तर त्यांना तरी समजलं असतं. ते रेल्वेत होते, डबे जोडणाऱ्याचं काम त्यांना ठाऊक होतं, आणि माझं कामही साधारण तसलंच. आमचा चित्रकार चित्रं काढायचा. बाई पळी उचलते, पळी भांड्यात घालते, हात पुढे करते, ताटात वाढते. एकाच हालचालीची अशी बरीच चित्रं तो एका फाइलमध्ये ओळीनं मांडून द्यायचा. कोड लिहिणारा कोड लिहायचा. मधे मी. ती फाइल गेम इंजिनात, म्हणजे गेम जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घ्यायची, एकेक चित्र कापून वेगळं करायचं, प्रत्येकाचे पाय जमिनीवर नीट टेकवायचे आणि ती सगळी अशा वेगानं एकामागून एक दाखवायची, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, बाई खरंच वाढते आहे. जमलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात.

ऑफिस सदर बाजारात होतं, एका सोनाराच्या दुकानाच्या वर. खिडकी उघडली की हॉर्न, बंद केली की घाम. छत्तीसगढ राज्य नवं होतं, राजधानी नवी, आणि प्रत्येक सरकारी खात्याला आपला एक गेम हवा होता. कशाला हवा, ते विचारायचं नाही. त्या वेळचा गेम होता अंगणवाडीच्या दीदीचा. मुलं ताटल्या घेऊन दोन्हीकडून येतात, डावीकडून आणि उजवीकडून, आणि मूल कंटाळून परत जाण्याआधी दीदीनं वळून त्याला गरम भात-डाळ वाढायची. एक जरी मूल उपाशी गेलं तरी डाव संपला. हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे, पण मला तो रोज छळायचा. त्याचं कारण घरी होतं.

घरी आई होती. भनपुरीच्या अलीकडे बाबांनी निवृत्तीनंतर बांधलेलं दोन खोल्यांचं घर, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की गच्चीवर काळी पूड बसायची. आईला लकवा झाला तो हिवाळ्यात. पाय हळूहळू सुधारला, काठी धरून ती न्हाणीपर्यंत जायची, बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं खायची सवय करा. आईनं त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन साफ नाही म्हणाली.

"डाव्या हातानं कोनी खाते का? मले नाई खायाचं."

मग तिला भरवायचं मी. सकाळी निघायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर, आणि दुपारी जेवणाच्या सुटीत स्कूटी घेऊन सदर बाजारातून घरी आणि घरून परत. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलं की डांबर चटके देतं. शेजारच्या दीदीनं आपणहून सांगून पाहिलं, मी भरवत जाईन. आई तोंड मिटून बसली. परक्याच्या हातचा घास तिला नको, आपल्या डाव्या हातचा नको, फक्त मी हवी. मला उशीर झाला तर ती उपाशी राहायची, तक्रार मात्र करायची नाही. तेच जास्त लागायचं. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा राग यायचा. सोवळ्याओवळ्याची एवढी कसली हौस, असं मी मनातल्या मनात म्हणायची, कारण तोंडावर म्हणायचं धाडस नव्हतं.

तर दीदी. चित्रकारानं ती उजवीकडे तोंड करून काढली होती. डावीकडच्या मुलांसाठी वेगळी चित्रं काढायची गरज नव्हती. इंजिनात एक बारीकसा चौकोन असतो, त्यावर खूण केली की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. काम निम्मं, फाइलचं वजन निम्मं, आणि अंगणवाडीतल्या स्वस्त फोनना हलकी फाइलच मानवायची. सगळे असंच करतात. मीही खूण केली. दीदी डावीकडे वळली, छान वाढायला लागली. पदर या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आमच्या शहरात उलटा पल्ला आणि सीधा पल्ला दोन्ही नेसणाऱ्या बायका एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहतात. ऑफिसातल्या सगळ्यांनी गेम खेळून पाहिला. एका हातात समोसा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन पाहिला. कोणाच्याही डोळ्याला काही खटकलं नाही.

दाखवायला आम्ही नव्या राजधानीत गेलो, मी आणि आमचे मालक. त्यांना आम्ही सगळे भैया म्हणायचो. तिथले रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे, की गाडी चालते आहे की उभी आहे ते कळत नाही. खात्याच्या मॅडमनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, उजवीकडच्या दोन मुलांना वाढलं, डावीकडे वळल्या आणि थांबल्या. तोपर्यंत त्या हिंदीत बोलत होत्या. आता एकदम छत्तीसगढी निघाली.

"ये दीदी ह डेरी हाथ म काबर परोसत हे?"

डेरी म्हणजे डावा, काबर म्हणजे कशाला. खोलीतले सगळे फोनवर वाकले आणि मग सगळे हसले. खरंच, दीदी डाव्या हातानं भात वाढत होती. चित्र उलटलं तेव्हा हातही उलटला होता, आणि जन्मभर उजव्या हातानं प्रसाद घेतलेल्या आम्हा सगळ्यांना ते दिसलंच नव्हतं. मॅडम चिडल्या नाहीत. गावात हे चालणार नाही, लोक म्हणतील मुलांना अपमान करून वाढतात, एवढंच म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं.

"हो जाएगा मैडम, छोटी सी बात है," भैया म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

छोटी सी बात म्हणणाऱ्याला ती करावी लागत नाही, हे मला नोकरीत फार लवकर कळलं होतं. उजवीकडे तोंड केलेल्या बाईचा उजवा हात आपल्या बाजूला असतो. ती डावीकडे वळली की तोच हात तिच्या अंगाच्या पलीकडे जातो, म्हणजे सगळी चित्रं नव्यानं. चित्रकारानं कुरकुर करत ती काढली. मी ती इंजिनात घेतली, कापली, चालवली, तर दीदी वळताना अर्धं पाऊल बाजूला उडी मारायची. नव्या चित्रांत पळी वेगळ्या ठिकाणी बाहेर येत होती, आणि इंजिन प्रत्येक चित्राचा मध्य हातापासून पदरापर्यंत मोजून आपल्या मनानं ठरवत होतं. हात लांब गेला की पाय सरकले. म्हणजे प्रत्येक चित्र उघडायचं, दीदीच्या टाचेवर बोट ठेवल्यासारखा एक बिंदू ठेवायचा आणि इंजिनाला सांगायचं, बाई इथे उभी आहे. मग पुढचं. मग पळीच्या कडेला एक पांढरी रेघ चमकायला लागली. ती गेली तर भाताचा रंग विटला. माझा जीव मेटाकुटीला आला. एका बाईचा उजवा हात नीट चालावा म्हणून मी मान मोडून बसले होते आणि दुसरीकडे घड्याळ बघत होते.

अशात एका दुपारी मला निघता आलं नाही. आईला फोन केला.

"डाळ-भात झाकून ठेवला आहे. शेजारच्या दीदीले पाठवू का?"

"नको."

"मंग चमच्यानं तरी खा, आई."

"तू ये सावकाश. धावत नोको येऊ, पडशीन कुठी."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ताट जसंच्या तसं होतं. भाताला वरून साय धरावी तसा कोरडा थर आला होता. मी भात गरम केला, भरवला, स्वतः उभ्या उभ्या खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

रविवारी मी लॅपटॉप घरी आणला. सोमवारी सकाळी गेम द्यायचा होता आणि दीदी अजून अडखळत होती. आई माझ्या शेजारी खुर्चीत येऊन बसली. तिला या कामात कधी रस नव्हता, पण त्या दिवशी ती टक लावून बघत होती. मी जुनी आणि नवी दीदी शेजारी शेजारी चालवून पाहत होते. आईचं बोट जुनीवर गेलं.

"हिले बी माह्यासारखा लकवा मारला का?"

मला हसू आलं. किती महिन्यांनी तिनं थट्टा केली होती. मी सांगितलं, की ही चुकून डावखुरी झाली, मॅडम नाही म्हणाल्या, म्हणून सगळं नव्यानं करून राहिले, म्हणूनच दुपारी येता येत नाही. आईनं स्क्रीनवरची मुलं पाहिली. एकेक मूल ताटली घेऊन यायचं, भात पडला की उडी मारून पळायचं.

"पोरं त खाऊन राहिले ना?"

"हो, खाऊन राहिले."

"मंग काय झालं?"

माझ्या हातून माऊस सुटला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"मंग तू काहून नाही खात? चित्रातल्या पोट्ट्यांले चालते, तर तुलेच काय झालं? मी दिवसातून दोनदा सदर बाजारातून मरत मरत येते, आई. आता होत नाही माझ्याच्यानं. तुझ्या शिवाशिवीपायी माझी नोकरी जाईन."

आईनं डाव्या हातानं उजवा हात उचलला, जसं झोपलेलं मूल उचलतात तसा, आणि मांडीवर नीट ठेवला.

"शिवाशिव नाई," ती म्हणाली. "डाव्याले सवय लागली, त हा कायले उठन मंग?"

तिला लोक काय म्हणतील याची पर्वा नव्हती. ती रोज उपाशी बसून त्या हाताची वाट बघत होती. भूक लागली की तो उठेल, असं तिला वाटत होतं. आणि मी तीन वेळा भरवून, धावत येऊन जाऊन, तिच्याबरोबर तीच वाट बघितली होती, फक्त मला ते माहीत नव्हतं. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण आमच्या घरात तशी रीत नाही. मी म्हटलं, "बरं, बस तू, मी भात लावते," आणि उठले. जेवताना तिला भरवलं. ती नेहमीपेक्षा थोडं जास्त जेवली.

सोमवारी गेम गेला. नवी दीदी दोन्हीकडे वळून उजव्याच हातानं वाढायची, पाय जागचे हलायचे नाहीत. मॅडमनी फोन करून भैयांना ठीक आहे म्हटलं, भैयांनी मला ठीक आहे म्हटलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्या खात्याच्या गेमची फाइल माझ्याकडे आली. त्यात एक बैल होता. मी त्याची चित्रं कापायला घेतली. तेवढ्यात जेवणाची सुटी झाली, म्हणून तशीच टाकून निघाले.

त्या दिवशी सिग्नलला गर्दी कमी होती, मी रोजच्यापेक्षा लवकर पोचले. दार ओढलेलं होतं. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, समोर ओट्यावर ताट. ती डाव्या हातानं जेवत होती. अर्धा भात ओट्यावर सांडला होता, हनुवटीला डाळ लागली होती, घास तोंडापर्यंत नेताना तिचा खांदा कानापर्यंत वर जात होता. मी दारातच थांबले. तिनं मला पाहिलं आणि घास अर्ध्यावर न सोडता तोंडात घातला.

"खाऊन घेतलं," ती म्हणाली. "तू बी घे वाढून."

मला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टर म्हणाले तेच झालं होतं, माझी दुपारची फेरी सुटणार होती, ती उपाशी राहणार नव्हती. पण तिचा उजवा हात मांडीवर पदराच्या घडीवर ठेवलेला होता आणि तो ओला होता. बोटांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. जेवायला बसण्याआधी तिनं तोही नळाखाली धरून नीट धुतला होता.

मी दोरीवरचा टॉवेल घेतला, तिच्यासमोर खाली बसले आणि तो हात पुसून कोरडा केला.