वरचा सूर

बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव व्हेस्टानं उलटून काढला आणि सवयीनं दोन बश्या मांडल्या. लक्षात आलं तशी एक परत फडताळात ठेवायला निघाली, तेवढ्यात दारावर थाप पडली.

घळीच्या वरच्या अंगाला राहणारा क्लेल. तिचा नवरा डॉर्सी गेल्यापासून दोन वर्षांत तो पहिल्यांदाच आत येत होता.

"वासावर आलास ना रे?"

"पाद्रीबाबांनी धाडलंय. रविवारी कबरींना फुलं वाहायची. डॉर्सीच्या कबरीपाशी त्याचं गाणं तू म्हणायचंस."

"नाही जमायचं म्हणून सांग."

"अगं, आता लोक बोलायला लागलेत. म्हणे, नवरा गेला नि व्हेस्टाला गर्व चढला."

व्हेस्टानं हातातली बशी त्याच्यापुढं सरकवली. गर्व! खाणीतून आला की डॉर्सी गिटार घेऊन ओसरीत बसायचा. मूळ चाल तो धरायचा. ती त्याच्या वरचा सूर लावायची, बारीक, धारदार. पुढं मेळ जमला. क्लेलचा बाप रेल्वेवरच्या काळ्या मजुरांकडून बँजो शिकलेला. तो हात क्लेलकडे आला. एकाच माइकपुढं सगळे. बँजोची पाळी आली की दोघं मागं सरायची, क्लेलची तीन बोटं लाह्या फुटल्यासारखी चालायची आणि व्हेस्टाची मँडोलिन दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत खट्‌खट्‌ वाजत राहायची. मग दोघांची डोकी पुन्हा माइकपाशी. एकेचाळीस वर्षं.

मागच्या हिवाळ्यात तिनं ते गाणं एकटीनं म्हणून पाहिलं होतं. छप्पर तेवढं उभं राहिलं, खाली भिंतीच नव्हत्या.

"क्लेल, मला ते गाणं येतच नाही."

"चेष्टा करतेस? हजारदा म्हटलंयस!"

"त्याच्या वरचं म्हटलंय. खालची चाल त्याची होती. मी कधी शिकलेच नाही."

क्लेलचा घास तोंडातच राहिला. "हे कुणाला का नाही सांगितलंस?"

"कुणी आलं होतं विचारायला?"

त्यानं बशी बाजूला सारली. तिनं खिळ्यावरची मँडोलिन काढली, एप्रननं धूळ पुसली.

"चाल तुझ्या बोटांना पाठ आहे."

"बोटांना! माझा गळा म्हणजे गंजलेलं फाटक. डॉर्सीनं कधी तोंड उघडू दिलं नाही मला."

"बेसूर चालेल. रविवारी माझ्या शेजारी उभा राहा आणि खालची चाल तेवढी म्हण."