तिसऱ्या आठवड्यातला वार

मुलीवर केलेला वार आठवताना ‘रागाच्या भरात’ हेच शब्द मला प्रथम सुचतात. ते खोटे आहेत. नेम धरण्याइतका वेळ मला मिळाला होता.

मुलगी सव्वीस वर्षांची, नागपुरात नोकरीला. वयात येताना तिचा एक स्तन वाढलाच नव्हता. तिच्या आईला हे ठाऊक होते. मला, गावच्या शाळेत जन्म घालवलेल्या शिक्षकाला, नव्हते. तिने स्वतः डॉक्टरबाई शोधल्या, शस्त्रक्रिया करून घेतली आणि विश्रांतीला अड्याळजवळच्या आमच्या घरी आली. गाठ काढली, एवढेच मला सांगण्यात आले.

शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात आमची रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू झाली. ती आईबरोबर शिदोरी घेऊन बांधावर आली, तशी चिखलातली एक बाई ओरडली, “गुरुजी, तुमची मेमसाब पाय धुवाले आली का रोवाले?” बाया खदखदून हसल्या. ते हसू मला लागले.

“उतर खाली,” मी म्हणालो.

“बाबा, मले हात वर करता येत नाही.”

“काहून? गाठ तर निघाली ना?”

“गाठ नव्हती, बाबा. छातीचं ऑपरेशन केलं. दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या.”

सारे ऐकत होते. रोवणीत धानाच्या रोपांच्या ओल्या पेंड्या फेकायच्या असतात, बाया त्या झेलतात. मी एक जड पेंडी उचलली आणि चार पावलांवरून तिच्या छातीवर मारली. तिचे हात वर आलेच नाहीत. ती चिखलात कोसळली. मी उतरलो, तिला दंडाला धरून उपसले आणि थोबाडीत मारली, दोनदा. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तिच्या आईने माझ्या मनगटात दात रुतवले.

“मारून टाकता का तिले?” ती किंचाळली. तिच्या ओठांवर माझे रक्त होते.

संध्याकाळपर्यंत मुलीच्या छातीची मार लागलेली बाजू फुगून दगडासारखी झाली. गाडी करून आम्ही नागपूर गाठले. आत रक्त साचले होते. पुन्हा उघडावे लागणार होते.

“कसं झालं?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“बसमधून उतरताना धक्का लागला,” मुलगी म्हणाली.

बाई विचारात पडल्या. “छातीची रुंदी, कातडीची जाडी मोजूनच मी आत बसवायच्या इम्प्लांटचा आकार ठरवला होता. म्हणून तर मोठा नको म्हटलं. पुढचे सहा आठवडे जपलं की निकाल सहसा ठरल्यासारखा येतो. साध्या धक्क्याने एवढं रक्त साचलं असेल, तर तुझ्या रक्तातच दोष आहे का, ते आधी पाहावं लागेल.”

 एका खोट्याच्या आधारे मुलीवर पुन्हा सुरी चालणार होती.

“मी मारलं,” मी म्हणालो.

“कशाने? किती जोरात?”

मी सगळे सांगितले. त्यांनी मान वर न करता लिहून घेतले. मग मुलीला विचारले, “यानंतर राहणार कुठे?”

“मैत्रिणीकडे. आई येईल.” मग ती माझ्याकडे वळली. “बाबा, खरं सांगितलं ते बरं केलं. पण सहा आठवडे येऊ नका.”

दुसरी शस्त्रक्रिया नीट झाली, असे पत्नीने फोनवर कळवले. सातव्या आठवड्यात मुलीने मला बोलावले नाही. मी गेलो नाही.