निर्मळ रस्सा

"निर्मळ आहे हो," यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या केंद्रप्रमुखांकडे नव्हती. आडाचं पाणी, मुलांचं अक्षर, एखाद्याचा स्वभाव, सगळं ते तळहात हवेत सपाट फिरवून निर्मळ ठरवीत. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

येडशीला सरकारी कोंबड्यांचं केंद्र निघालं आणि ते प्रमुख म्हणून आले. चातुर्मासात ज्यांच्या घरात कांदा शिरत नसे, त्यांच्या हाती सरकारनं कोंबड्या सोपवल्या. मी शेजारी राहणारा शाळामास्तर, तितकाच शाकाहारी. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आता गावं सुधारायची होती आणि सुरुवात कोंबड्यापासून होती. गावरान कोंबडा द्यायचा, विलायती पांढरा न्यायचा. पहिल्या वाटपाला मोठे साहेब आले. त्यांनी कोंबड्याला हार घातला. भाषण संपेपर्यंत कोंबड्यानं हार बराचसा खाल्ला होता. टाळ्या कुणासाठी पडल्या, हे आम्हाला नीटसं कळलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या पत्नीला क्षय निघाला. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, "सुया चालू ठेवा. पण यांच्या अंगात काही उरलेलं नाही. रोज कोंबडीचा रस्सा द्या."

बाईंनी ते ऐकून डोळे घट्ट मिटून घेतले. "औषध समजायचं," ते म्हणाले.

स्वयंपाकघर त्यांनी बाटू दिलं नाही. केंद्रामागे तीन दगडांची चूल मांडली आणि नाकाला उपरणं बांधून स्वतः रस्सा शिजवू लागले. आयुष्यात पिठलंही न केलेला माणूस. डाळीवर फेस येतो, गुळाच्या काहिलीवर मळी येते आणि ती काढून टाकायची, एवढंच त्यांना ठाऊक. रश्श्यावर पिवळं तरंगलं की ते पळीनं काढीत आणि केंद्रातल्या कुत्र्यापुढं ओतीत.

त्यांचा अभ्यासही झाला. "मास्तर," एकदा मला म्हणाले, "कोंबडीवर मळी फार. त्यातून ती गावरान आणि जुनी असली, तर पळ्यांवर पळ्या निघतात. कोंबड्यावर कमी. आपला पांढरा तरणा कोंबडा मात्र निर्मळ हो. नुसतं पाणी."

मी मान डोलावली. मला तरी काय कळत होतं? त्या दिवसापासून पत्नीसाठी पांढरे कोंबडे शिजू लागले, आणि त्यावरची उरलीसुरली मळीही ते काढीतच राहिले.

बाई माझ्या पत्नीला म्हणाल्या, "वास येतो मला. पण इतकं निवळून आणतात, नको कसं म्हणू?"

त्या थंडीत कुत्रं असं तकतकीत झालं, की तेही विलायती आहे का, असं लोक विचारू लागले.

एका संध्याकाळी झाडलोट करणारी म्हातारी विसरलेला खराटा न्यायला परत आली. मी तिथंच होतो.

"सायेब, ह्ये कुत्र्याला कामून वतायलाव?"

"मळी आहे ती."

"कशाची मळी? चरबी हाय ती. तेवढ्यासाठीच तर कोंबडी कापायची. बाळंतिणीला आमी जुनी खुडूक कोंबडी बघून देतो, वर लई त्याल येतंय. आन् तुमी बाईला निस्तं पाणी पाजलाव?"

त्यांच्या पळीतलं खाली सांडत राहिलं आणि कुत्रं ते चाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी गावरान कोंबडी मिळवली. वरचा थर हलू न देता वाटी घरात नेली. बाईंनी दोन घोट घेतले आणि वाटी सारली. त्यांच्या पोटात आता ते राहीना.

"आज असं का?" बाईंनी विचारलं.

"जात बदलली," ते म्हणाले.

फाल्गुनात बाई गेल्या.

दिवस झाल्यावर डॉक्टर भेटायला आले. परतताना डॉक्टरांची बॅग उचलून प्रमुख रीतीप्रमाणे मोटारीपर्यंत पोचवायला निघाले, मी मागं होतो. वाटेत त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, कुत्र्यासकट.

"आजार फार पुढं गेला होता," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्या चरबीनं फारसा फरक पडला नसता."

"फारसा म्हणजे किती?"

डॉक्टरांनी बॅगेसाठी हात पुढं केला.

"एखादा उन्हाळा?" प्रमुखांनी विचारलं. "की एखादा महिना?"

डॉक्टर मोटारीत बसले, तरी बॅग प्रमुखांच्याच हातात होती.