फोटोपुरतं पाणी

कोकिळाबाईच्या दारात कुणीही आलं तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो, विचारपूस नंतर. पाचोरा तालुक्यातल्या तिच्या गावात ही रीत घरोघरी आहे. तिने ती मोडली, आणि ठरवून मोडली.

गावाच्या तोंडाशी एक बोर्ड उभा आहे. शहरातल्या एका सेवा क्लबने हे गाव दत्तक घेतलं आहे, असं तो सांगतो. बोर्डाशेजारी हातपंप. त्यासाठीची मदत डेन्मार्कच्या मित्र क्लबने पाठवलेली. खडक लागला तिथेच बोअर थांबवली, कारण उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. पंप संक्रांतीपर्यंत चालला आणि आटला. पुढे दर हिवाळ्यात पाहुणे यायचे असले की कोकिळाबाई विहिरीवरून हंडे आणून पंपाच्या डोक्यात ओतायची. फोटोपुरती धार निघायची.

"अक्का, गावाची अब्रू तुमच्या हातात," क्लबचे अध्यक्ष प्रेमराज पाटील म्हणायचे. तिला ते खरं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात तिची धाकटी जाऊ ताईबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली. माणसं धावली तेव्हा हंडा तरंगत होता. ताईबाई नव्हती. दहाव्याला प्रेमराज आले, छातीवर क्लबचा बिल्ला लावून. कोकिळाबाईने बिल्ल्याकडे पाहिलं आणि तिचं रडणं थांबलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

यंदा डेन्मार्कचे पाहुणे आले, तेव्हा भरीत पार्टी तिनेच मागून घेतली. प्रेमराज खूश झाले. त्यांनी एकच ताकीद दिली: गाडीत बाटलीबंद पाणी ठेवायचं नाही, फोटोत दिसलं तर पंपाची शोभा जाते.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली. लाकडी बडगीत ती ठेचताना कोकिळाबाईने मिरच्या घालायला हात आखडला नाही. पंगत बसली. ताटं आली, कळण्याची भाकर आली. तांबे आले नाहीत.

पहिल्या घासाला पाहुणे हसले. तिसऱ्याला त्यांचे कान लाल झाले. एक म्हातारी पाहुणीबाई डोळे पुसत इकडेतिकडे बघू लागली.

"अक्का, पाणी," प्रेमराज हळू आवाजात म्हणाले.

"पंप तुमना शे, भाऊ. काढी ल्या."

"तुम्ही हंडे ओतले ना?"

"नही."

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, जोर लावा, भरीत खादं शे ना." सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. कोकिळाबाई हसली नाही.

प्रेमराज उठले. त्यांनी दांडा मारला. पंप कोरडा कण्हला. पांढऱ्या सदऱ्याची पाठ भिजेपर्यंत ते दांडा मारत राहिले, कारण थांबले असते तर बोलावं लागलं असतं. पाहुणीबाई जवळ आली, वाकली, नळाच्या तोंडात बोट घालून तिने ते बाहेर काढलं. बोटाला गंज होता. ती प्रेमराजांकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मग कोकिळाबाई घरात गेली आणि झाकून ठेवलेला माठ घेऊन आली. पाहुण्यांना पाजलं, ड्रायव्हरला पाजलं. प्रेमराजांनी हात पुढे केला.

"तुमले नही. पहिले ताईबाईले पाजा."

तांब्यातलं उरलेलं पाणी तिने त्यांच्या बुटांसमोर मातीत ओतलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

डेन्मार्कहून विचारणा झाली असावी. महिन्याभरात यंत्र आलं, खडक फुटला, बोअर खोल गेली. आता पंपाला बारमाही पाणी आहे, गोड आहे. विहिरीच्या पायरीवर शेवाळ वाळलं.

प्रेमराज अधूनमधून गावात येतात, कोकिळाबाईच्या ओट्यावर टेकतात. ती मुलाबाळांची चौकशी करते, त्यांच्या कापसाच्या जिनिंग मिलचं विचारते. ते आतल्या अंधाराकडे बघत बोलत राहतात. घसा कोरडा पडला की उठतात.

तांब्या काही बाहेर येत नाही.