काकूंच्या ओट्याचा फोटो

मी याद्या करणारी बाई आहे. लग्न असो, ट्रिप असो की दवाखाना. आधी कागद, मग काम. नाशिकला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. चकवा, झपाटणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण यादीतलं एक काम अडकलंय, आणि का अडकलंय ते कुणालातरी सांगायला हवं.

या एप्रिलमध्ये मोठ्या बहिणीच्या, सुमनताईच्या बायपाससाठी मी अमरावतीला आले. ताई एकटीच राहते. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. शुक्रवारी रात्री म्हणाली, "रेखा, अकोल्याची आपली गल्ली एकदा पाहाची होती वो. आता मले कोन नेते?"

त्या गल्लीत, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे, आम्ही दोघी वाढलो. मी सव्वीस वर्षं तिकडे फिरकले नव्हते. म्हटलं, उद्या जाऊन फोटो काढून आणते. लगेच यादी केली: हापशी, पिठाची चक्की, आमचं घर, जिनिंगची भिंत, काकूंचा ओटा... एकूण अकरा.

शनिवारी सकाळी आठला निघाले. दारातून "येते गं ताई" म्हटलं, तिनं पलंगावरून "हो, ये" म्हटलं. हे मुद्दाम लिहितेय. एसटीनं साडेदहाला अकोला, ऑटोनं अकराला गल्लीत.

घरं बरीचशी तीच. प्रत्येक खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर, खाली पाण्याची ओल. हापशीचा फोटो काढत होते तेवढ्यात शेजारच्या दारातली बाई ओरडली, "आता काय काढून राहिली वो? सकाळी काढले नाहीत का?"

"मी आत्ताच येतेय," मी म्हटलं.

"हो, आमी काय आंधळे आहोत!" तिनं दार आपटलं.

चक्कीवाल्यानं तर शटर अर्धं खाली ओढलं. "एकदा झालं न ताई. दुसऱ्यांदा नका येऊ." मी मनात हिशोब लावला: रस्तारुंदीचा सर्व्हे चालू असेल, माझ्यासारखीच चष्मेवाली कुणी येऊन गेली असेल. सोपं उत्तर होतं. उरलेले फोटो पटापट उरकले.

शेवटचा काकूंचा ओटा. शेजारच्या काकू, लहानपणी आम्ही निम्मं जेवण त्यांच्याकडे करायचो. आता ऐंशीच्या पुढच्या. फोटो काढला तोच त्या बाहेर आल्या.

"रेखे!"

सव्वीस वर्षांनी नावानिशी ओळखलं... मला आनंदच झाला. वाकून पाया पडायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"कावून आली पुन्हा? सकाळी पोट नाही भरलं?"

"काकू, मी सकाळी एसटीत होते. तिकीट दाखवू का?"

"तिकीट तुयापाशीच ठेव. नऊ वाजता येऊन त्या खुर्चीत बसली, पानी पेली, एक शबद बोलली नाही. अन् उठून चालती झाली. येतो म्हनाची रीत नाही का तुमच्या नाशकात? माह्या घरात कोन मेलं होतं?"

आमच्याकडे कुणाच्याही घरून निघताना 'येतो' म्हणतात. वऱ्हाडात बायकाही 'येतो'च म्हणतात. फक्त मयताच्या घरी बसायला गेलं की म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं, वळून न बघता निघायचं. तसं कुणी भरल्या घरातून गेलं तर तो शिवीपेक्षा वाईट अपमान.

आत कूलरसमोर काका चहात टोस्ट बुडवून खात होते. तिथूनच म्हणाले, "बसू दे वो तिले. उन्हातून आली."

"सकाळीबी उन्हातूनच आलती," काकू म्हणाल्या. दाराजवळच्या स्टुलावर अर्धा भरलेला ग्लास होता. तो उचलून त्यांनी पाणी माझ्या पायांवर फेकलं. "निंघ!"

मीही चिडले. वळले आणि तरातरा चालू लागले. कोपऱ्यावर ऑटोत बसल्यावर लक्षात आलं — आपणही 'येते' म्हटलं नाही. परत जाऊन म्हणायला हवं होतं. गेले नाही. ती चूक माझी.

परतीच्या बसमध्ये फोटो यादीशी ताडून पाहिले. अकरा हवे होते, बारा निघाले. बारावा काकूंच्या घराच्या आतून काढलेला. खुर्चीत बसून दाराकडे पाहिल्यावर दिसेल तसा. स्टुलावर अर्धा ग्लास. कूलरसमोरची काकांची जागा रिकामी. वेळ नऊ दहा. नऊ दहाला आमची बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर उभी होती आणि फोन पर्समध्ये होता.

तो फोटो मी डिलीट केला. ताईला अकराच दाखवले. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली, हापशी पाहून रडलीसुद्धा.

मंगळवारी अकोल्याहून फोन आला. काका गेले... कूलरसमोर बसल्या बसल्या. ताईनं काकूंच्या ओट्याचा फोटो पुन्हा मागून बघितला. मग एकदम म्हणाली, "एक सांगू? मले तुया राग आलता शनिवारी."

"का गं?"

"दुपारी बारा वाजता आलीस, इथं पलंगापाशी बसली, पानी पेलीस, अन् तशीच निंघून गेली. म्हटलं, इतकी कायची घाई, येतो बी म्हनली नाही?"

बाराला मी काकूंच्या ओट्यासमोर पायांवर पाणी घेत उभी होते. ताईला म्हटलं, गोळ्यांची गुंगी असेल. ती म्हणाली, "असंन."

ऑपरेशन नीट झालं. आज तीन आठवडे झाले, ताई घरातल्या घरात चालते, डॉक्टर खूश आहेत. माझी रजा संपली, वर बिनपगारीही संपत आली. यादीत एकच ओळ उरली आहे: नाशिकला परत.

दोनदा तिकीट काढलं. दोन्ही वेळा बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. ताई पलंगावरून माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती. बाकी सगळं बोलता येत होतं — गोळ्या कुठे आहेत, दूधवाल्याचा नंबर, सगळं. फक्त 'येते' म्हणायला तोंड उघडलं की घशातून आवाजच निघत नव्हता.

न म्हणता निघायचं धाडस झालं नाही. दोन्ही वेळा बॅग आत ठेवली. याचं कारण मला सापडलेलं नाही. तोवर मी इथेच आहे.